दुधामधाचा देश आणि पितळेचे आकाश

पाणीकपातीची सूचना आली की आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टँकरच्या दरांबरोबर धर्मवचनेही येऊ लागतात. एका जूनमध्ये पाऊस लांबला असताना तळमजल्यावरच्या काकांनी बायबलातले एक वाक्य टाकले होते: तुझ्या डोक्यावरचे आकाश पितळेचे होईल आणि पायाखालची भूमी लोखंडाची. त्याखाली तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाने विचारले की, काका, ज्या पुस्तकात दुधामधाचे प्रवाह वाहणारा देश देण्याचे वचन आहे त्याच पुस्तकात हे वाक्य कसे. वचन देणाऱ्याने मन बदलले, की लिहिणारे दोन निराळे होते? तिघांनी हात जोडल्याची चिन्हे पाठवली, एकाने टँकरवाल्याचा नंबर पाठवला, आणि प्रश्न तसाच वर सरकून गेला.

प्रश्न मात्र सोडून देण्यासारखा नव्हता. अनेक धर्मग्रंथांत जमिनीची ही दोन चित्रे शेजारी शेजारी सापडतात. एकीकडे धान्याच्या राशी, तेलाचे बुधले आणि वेलींनी भरलेले उतार. दुसरीकडे काटेकुटे, घुबडे आणि खारट माती. वाचणारा आपल्या मनःस्थितीप्रमाणे त्यांतले एक उचलतो आणि दुसरे विसरतो. माझे म्हणणे असे की ही चित्रे सुटी वाचली तर दोन्ही चुकीची वाचली जातात, कारण दुसरे चित्र पहिल्याच्याच रेघांवरून गिरवलेले असते. हे कसे, ते मुख्यतः ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेतल्या 'जुना करार' या ग्रंथसंग्रहावरून पाहू, आणि वाटेत पृथू राजाकडे व कुराणातल्या एका धरणाकडेही जाऊन येऊ.

जमीन मुळात कोणाची?

'जुना करार' या नावातला 'करार' हा शब्द आपण सहसा लक्ष न देता ओलांडतो. करार म्हणजे इथे देव आणि इस्राएल लोक यांच्यात ठरलेला, अटी घातलेला संबंध. त्या अटींत जमीन हा विषय पुन्हा पुन्हा येतो, आणि लेवीय या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात देव स्पष्टच सांगतो की जमीन कायमची विकायची नाही, कारण ती माझी आहे आणि तुम्ही माझ्याकडे उपरे म्हणून राहता आहात.

नवी मुंबईत घर घेतलेल्या माणसाला हे फार समजावून सांगावे लागू नये. वाशी-नेरुळमधले भूखंड सिडकोने मुळात ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. घर तुमचे, भिंती तुमच्या, कर्जाचे हप्ते तर नक्कीच तुमचे, पण खालची जमीन पट्ट्याची, आणि घर दुसऱ्याच्या नावावर करायचे तर परवानगी आणि शुल्क हे ठरलेलेच. लेवीय पुस्तकातला पट्टाही असाच सशर्त आहे. सातव्या वर्षी जमीन नांगरायची नाही. कापणी करताना शेताचे कोपरे सोडायचे, आणि पडलेली कणसे गोळा करायची नाहीत, म्हणजे गरिबांना आणि परक्यांना सरवा वेचता येईल. ५०व्या वर्षी, मधल्या काळात विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जायची.

पट्टा म्हटला की पाळल्यास काय आणि मोडल्यास काय, अशी दोन कलमे आलीच. समृद्धीचे चित्र हे पहिले कलम आहे आणि उजाडपणाचे चित्र हे दुसरे. पितळेच्या आकाशाचे वाक्य अनुवाद या पुस्तकाच्या २८व्या अध्यायातले आहे. त्या अध्यायात आशीर्वादांना १४ ओव्या, म्हणजे क्रमांक दिलेली वचने, पुरल्या आहेत आणि शापांना ५४ लागल्या आहेत. कोणत्याही करारनाम्यात दंडाचा भागच लांब असतो, हा अनुभव बहुधा फार जुना असावा.

नदीचा देश आणि पावसाचा देश

आता प्रश्न असा की दंड म्हणून पाऊसच का थांबवायचा. याचे उत्तर भूगोलात आहे. अनुवादाच्या ११व्या अध्यायात मिसर, म्हणजे इजिप्त, आणि कनान, म्हणजे वचन दिलेला देश, या दोहोंची तुलना येते. मिसरात तुम्ही बी पेरत होता आणि भाजीच्या मळ्यासारखे पायाने पाणी देत होता. पण ज्या देशात तुम्ही जात आहात तो डोंगरखोऱ्यांचा आहे आणि आकाशातल्या पावसाचे पाणी पितो. ज्याने रात्री शेतात दारे धरून पायाने पाटाचे तोंड फोडले आहे त्याला 'पायाने पाणी देणे' वेगळे उलगडून सांगायला नको. नाईल नदीच्या काठी माणूस आपल्या हातापायांनी पाणी फिरवतो आणि त्याला वर पाहण्याची गरज पडत नाही. डोंगरावरच्या शेतकऱ्याला दुसरा उपायच नसतो. म्हणजे वचन दिलेला देश हा खात्रीच्या पाण्याचा देश नव्हता, आणि पुस्तक ही गोष्ट त्याचा गुण म्हणून सांगते.

जेरुसलेमला वर्षाला सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या ठाण्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की जेरुसलेमच्या पूर्वेला डोंगर उतरून मृत समुद्राकडे निघालो की पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत पाऊस १०० मिलिमीटरच्याही खाली येतो. कसारा घाट चढून इगतपुरीचे धुके मागे टाकावे आणि पुढे सिन्नरकडे वळताच गवत पिवळे होत जावे, तसाच हा प्रकार, पण आणखी तीव्र. जेरुसलेमच्या पूर्वेकडच्या कड्यावर उभा राहिलेला माणूस मागे वळला तर जैतुनाची झाडे पाहतो आणि पुढे पाहिले तर उघडे वाळवंट. संदेष्ट्यांना, म्हणजे देवाचा संदेश लोकांना ऐकवणाऱ्यांना, उजाडपणाची कल्पना करावी लागत नव्हती. ती रोज सकाळी ज्या दिशेला सूर्य उगवे त्याच दिशेला दिसत होती.

पावसाच्या अटीचा हा उतारा ठाण्यात आजही म्हटला जातो. टेंभी नाक्याच्या बाजूला १८७९ साली उभे राहिलेले 'शार हाशमाईम', म्हणजे 'स्वर्गाचे द्वार', हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, आहे. त्याचे भाविक बेने इस्राएली, म्हणजे आपल्याकडचे ज्यू. मराठी बोलणारे, कोकणच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी बैल न जुंपणारे म्हणून 'शनिवार तेली' हे नाव पडलेले. त्यांच्या नित्य प्रार्थनेत अनुवादाच्या ११व्या अध्यायातला तो भाग येतो: आज्ञा पाळल्या तर ऋतूप्रमाणे पाऊस, धान्य, द्राक्षारस, तेल, गुरांना गवत; न पाळल्या तर आकाश बंद. मराठी बायबलात या देशाच्या दोन पावसांना 'आगोटीचा' आणि 'वळवाचा' असे शब्द आढळतात. शब्द आपले, पण महिने तिकडचे: तिथली आगोट ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि वळीव मार्च-एप्रिलात. त्यामुळे मांडवांच्या सणानंतर सिनेगॉगमध्ये पावसाची विशेष प्रार्थना होते तेव्हा ठाण्यातला पाऊस संपत आलेला असतो. आमच्या मजल्यावरच्या बेने इस्राएली मावशींना मी एकदा विचारले होते, "मावशी, बाहेर ऑक्टोबरचा घाम आणि तुम्ही आत्ता पाऊस मागता?" त्या म्हणाल्या, "अरे, आपला झाला ना भरपूर. तिकडचा आता सुरू व्हायचाय." याच मावशींच्या घरून मंगलप्रसंगी मलिद्याचे ताट येते, भिजवलेले गोड पोहे, ओले खोबरे आणि वर फळे, आणि तो मलिदा ज्याच्या नावाने होतो तो एलियाहू संदेष्टा म्हणजे बायबलातल्या सर्वांत प्रसिद्ध दुष्काळाचा माणूस. त्याच्या शब्दाने आकाश बंद झाले होते, आणि शेवटी त्याच्या चाकराने समुद्राकडे सातव्यांदा पाहिले तेव्हा माणसाच्या तळहाताएवढा ढग वर येताना दिसला होता.

समृद्धीची यादी, उलट्या क्रमाने

अनुवादाच्या ८व्या अध्यायात देशाच्या समृद्धीची यादी आहे: गहू, जव, द्राक्षे, अंजीर, डाळिंब, जैतून आणि मध. आता उजाडपणाचे उतारे काढून पाहावेत. संदेष्टे नवे काही जोडत नाहीत. याच यादीवर एकेक काट मारत जातात. हबक्कूक लिहितो की अंजिराला फुलोरा नाही, वेलीला फळ नाही, जैतुनाने दगा दिला, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरे नाहीत. यशया द्राक्षमळ्याचे गाणे म्हणतो: मालकाने दगड वेचले, उत्तम वेल लावला, मधोमध बुरूज बांधला, कुंड खणले, आणि आली ती रानटी द्राक्षे. मग कुंपण काढले जाते आणि मळ्यात काटे माजतात. ज्याने मळा पाहिला नाही त्याला तो मोडल्याचे दुःख कळणार नाही, म्हणून गाण्याचा अर्धा भाग मळा घडवण्यातच जातो.

त्याच ५व्या अध्यायात यशया एक हिशेब देतो, आणि त्याआधी कारणही देतो. जे घराला घर लावतात आणि शेताला शेत जोडत जातात, इतके की दुसऱ्या कोणाला जागाच उरत नाही, त्यांना तो धिक्कारतो. घोडबंदर रस्त्यावरून जाताना मला हे वाक्य आठवते, हे मी नाकारणार नाही. पण यशयाचा रोख इमारतींवर नसून मूठभरांनी लहान शेतकऱ्यांच्या जमिनी गिळण्यावर आहे. त्याची शिक्षा अशी की एक होमेर बी पेरावे आणि एक एफा पीक यावे. या मापांचे प्रमाण दहास एक. आपल्या मापात सांगायचे तर दहा पायल्या भात पेरावे आणि एक पायली घरी यावी. जमीन एवढी मोठी केली आणि तिने बियाणेसुद्धा परत केले नाही.

यिर्मया याहून पुढे जातो. २५व्या अध्यायात तो म्हणतो की या देशातून आनंदाचा शब्द, नवऱ्या मुलाचा आणि नवरीचा शब्द, जात्याचा आवाज आणि दिव्याचा उजेड जाईल. इथे वाळवंटाचे, वाळूचे नाव नाही. पहाटे जाते फिरले नाही, एवढेच. ज्या घरांत पहाट जात्याच्या घरघरीने आणि ओवीने होत असे, त्या घरांची आठवण असलेल्या मराठी वाचकाला उजाड गाव कसे असते हे या एका ओळीत समजावे. ४थ्या अध्यायात तर तो सृष्टीच्या कथेलाच उलटी फिरवतो. 'मी पाहिले' असे चार वेळा म्हणत तो सांगतो की पृथ्वी आकारहीन आणि शून्य होती, आकाशात प्रकाश नव्हता, डोंगर डळमळत होते, माणूस नव्हता, पाखरे उडून गेली होती आणि फळबागेचे रान झाले होते. 'आकारहीन आणि शून्य' यासाठी हिब्रूत असलेले 'तोहू वावोहू' हे शब्द उत्पत्तीच्या अगदी दुसऱ्या ओवीतले आहेत. ज्या शब्दांनी जग घडण्याआधीची स्थिती सांगितली त्याच शब्दांनी ते उसवल्याची स्थिती सांगितली आहे.

दूध, मध आणि मीठ

आता थोडा गुंता. काही शब्द असे आहेत की ते दोन्ही चित्रांत जसेच्या तसे येतात. 'दुधामधाचा देश' हे ऐकल्यावर आपल्याला नुसती चैन दिसते. पण दूध हे बहुधा शेळ्यामेंढ्यांचे, आणि मध म्हणजे पुष्कळ अभ्यासकांच्या मते खजुराचा रस आटवून केलेला पाक. अर्थात मधमाश्याही होत्याच, कारण तेल रेहोव या ठिकाणी २००७ मध्ये उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची मधपेट्यांची रांग सापडली. शेळीला चारा लागतो आणि खजुराला ऊन. नांगर दोन्हींना लागत नाही. म्हणूनच यशयाच्या ७व्या अध्यायात हेच पदार्थ विनाशाची खूण होऊन येतात. देश उद्ध्वस्त झाल्यावर उरलेला माणूस एक कालवड आणि दोन मेंढ्या पाळील आणि दही व मध खाईल, कारण हजार रुपयांच्या हजार वेलींचा मळा होता तिथे आता काटेरी रान आहे आणि त्यात गुरे चरत आहेत. शब्द वचनातले आणि अर्थ असा की शेती बुडाली. गणना या पुस्तकात तर लोकांना मिसरातून बाहेर काढणाऱ्या मोशेवर चिडलेले बंडखोर ज्या मिसरातून गुलामीतून सुटले त्यालाच 'दुधामधाचा देश' म्हणतात. आठवणीतले गाव नेहमीच जास्त हिरवे असते.

मिठाचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. १०७वे स्तोत्र म्हणते की देव सुपीक जमिनीचे खारट रान करतो, आणि अबीमलेखाने शखेम शहर पाडल्यावर त्यावर मीठ पेरल्याची गोष्ट शास्ते या पुस्तकात आहे. ठाणे खाडीच्या काठी आणि पनवेल-उरणच्या बाजूला याचे स्पष्टीकरण वडीलधारी माणसे देऊ शकतात. खाजणातली भातशेती मातीच्या बांधाच्या भरवशावर. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली की खाडीचे पाणी खाचरात शिरायचे, आणि ऊन पडल्यावर जमिनीवर पांढरी खार फुटायची. मग काही पावसाळे ती धुऊन निघेपर्यंत भात नाही. पण त्याच किनाऱ्यावर, त्याच पाण्यापासून, मिठागरात मीठ 'पिकते'. आमच्याकडे मीठ तयार करतात असे कोणी म्हणत नाही, पिकवतात असेच म्हणतात, आणि आगरी समाजाचे नावच आगरावरून आल्याचे सांगतात. धर्मग्रंथालाही हे दुहेरीपण ठाऊक आहे. प्रत्येक अन्नार्पणात मीठ घालण्याची आज्ञा आहे, आणि न मोडणाऱ्या कराराला 'मिठाचा करार' म्हटले आहे. खाल्ल्या मिठाला जागणारी भाषा बोलणाऱ्यांना हा शब्दप्रयोग परका वाटणार नाही.

हे फक्त बायबलातच आहे का?

नाही, आणि तुलना केली की चित्र स्पष्ट होते. भागवताच्या चौथ्या स्कंधात वेन राजाच्या अनाचारानंतर पृथू गादीवर येतो तेव्हा प्रजा उपाशी आहे, कारण पृथ्वीने सगळ्या वनस्पती पोटात गिळल्या आहेत. पृथू धनुष्य घेऊन तिच्या मागे लागतो, ती गाईचे रूप घेऊन पळते आणि शेवटी वळून उत्तर देते. ती म्हणते की ज्यांना कसलेच व्रत नाही असे लोक हे धान्य खात होते आणि माझे पालन कोणी करत नव्हते, म्हणून मी ते लपवले. मग ती वासरू आणि भांडे मागते, म्हणजे दूध देता येईल, आणि त्याबरोबर आणखी एक मागणी करते जी कथेकरी बहुधा घाईत सोडून देतात: मला सपाट कर, म्हणजे पावसाचे पाणी ऋतू संपल्यावरही माझ्यावर टिकून राहील. उतारावर ताली घालून खाचरे करणाऱ्या कोकणातल्या शेतकऱ्याचे सगळे शहाणपण या एका वाक्यात आहे, आणि ते जमिनीच्याच तोंडी घातले आहे. लेवीय पुस्तकातही जमीन गप्प बसत नाही. फार झाले की ती आपल्या रहिवाशांना ओकून टाकते, असे १८वा अध्याय म्हणतो.

कुराणातली सबा या प्राचीन राज्यातल्या लोकांची हकिकत ३४व्या सूरेत, म्हणजे अध्यायात, आहे. उजवीकडे एक बाग, डावीकडे एक बाग. खा आणि कृतज्ञ राहा, असे सांगितलेले. त्यांनी पाठ फिरवली, तेव्हा बांधाचा पूर आला आणि त्या दोन बागांच्या जागी कडू फळांच्या, झाऊच्या आणि थोड्याशा बोरींच्या दोन बागा उरल्या. येमेनमधल्या मारिब इथल्या प्राचीन धरणाशी ही हकिकत जोडली जाते. ते अनेकदा फुटले, दुरुस्त झाले आणि सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात कायमचे गेले. इथे उजाडपणा पाण्याच्या अभावाने आला नाही, पाण्याच्या लोंढ्याने आला, आणि मग धरण नाही म्हणून पाणीही नाही. मोरबे किंवा भातसा धरणाच्या पाण्यावर जगणाऱ्या आणि २६ जुलै २००५ पाहिलेल्या आपल्यासारख्यांना हे लवकर समजते. आणि 'दोन बागा' हा शब्द शेवटपर्यंत तसाच ठेवला आहे, हेही लक्षात घ्यावे. यादी तीच, फळे कडू.

मग दुष्काळ म्हणजे पापाची शिक्षा, असेच ना?

ग्रुपवरच्या काकांना बहुधा हेच म्हणायचे होते, आणि अनुवादाचा २८वा अध्याय त्यांच्या बाजूने आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच संग्रहातली इतर पुस्तके या सरळ हिशेबाला मान्यता देत नाहीत. मिसरात कारभारी झालेल्या योसेफाच्या काळातल्या सात वर्षांच्या दुष्काळाला कोणाचे पाप कारण दिलेले नाही. तिथे उपाय आहे तो सुकाळात पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात टाकण्याचा. रूथच्या गोष्टीत बेथलेहेममध्ये, म्हणजे शब्दशः 'भाकरीच्या घरा'त, दुष्काळ पडतो आणि लेखक कारण सांगण्याच्या भानगडीत पडत नाही. ईयोबाच्या ३८व्या अध्यायात देव विचारतो की जिथे माणूसच राहत नाही अशा रानात पाऊस कोण पाडतो. ज्या पावसाला बक्षीस द्यायला किंवा नाकारायला कोणी नाही असा पाऊस. आणि येशू म्हणतो की तो नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पडतो.

मराठीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. संपूर्ण बायबलचे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाई यांनी १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गमावले होते. पुराणे सांगत तीर्थे फिरणारे ते जोडपे होते. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी कितीतरी उपाशी मुली आणि विधवा केडगावला आणल्या. पितळेच्या आकाशाचे वाक्य मराठीत लिहिताना त्यांच्या मनात काय होते हे आपण सांगू शकत नाही, पण ते वाक्य भुकेल्या माणसाच्या तोंडावर फेकण्याआधी वाचणाऱ्याने त्यांचे आयुष्य आठवावे. तुकोबांनी १६३०च्या दुष्काळात पहिली बायको 'अन्न अन्न' करत गेल्याचे लिहिले आहे आणि त्यात तिच्या पापाचा उल्लेख नाही. हबक्कूक आपली सगळी काट मारलेली यादी संपवून म्हणतो की तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. दोघांच्याही बोलण्यात दुष्काळ आपल्यावर आलेला आहे. दुसऱ्याच्या दुष्काळाचा हिशेब दोघेही मांडत नाहीत.

मला वाटते, फरक इथेच आहे. संदेष्टे उजाडपणाची भाषा बहुधा सत्तेत असलेल्यांना, कोठारे भरलेली असताना, आपल्याच लोकांत उभे राहून ऐकवतात. तीच भाषा बाहेरच्याने, कोरड्या नळाखाली कळशी धरून उभ्या असलेल्या बाईला ऐकवली की तिचा अर्थ बदलतो.

ओसाड, पण कोणाच्या दृष्टीने?

दुसरी एक शंका कमी वेळा विचारली जाते, पण ती अधिक खोल आहे. जमीन ओसाड पडली, असे लिहिणाऱ्याने ती पाहिली होती का? २ इतिहासाच्या शेवटी म्हटले आहे की बाबिलोनच्या राजाने लोकांना कैद करून नेल्यावर ७० वर्षे देश ओसाड राहिला. पण २ राजे या पुस्तकाचा २५वा अध्याय सांगतो की गारद्यांच्या सरदाराने देशातले अगदी गरीब लोक द्राक्षमळे आणि शेते सांभाळायला मागे ठेवले, आणि यिर्मयाच्या ४०व्या अध्यायात मागे राहिलेले लोक द्राक्षारस आणि उन्हाळी फळे विपुल गोळा करताना दिसतात. म्हणजे जात्याचा आवाज पुरता थांबला नव्हता. राजधानीतून गेलेल्यांच्या वहीत मात्र ती जमीन रिकामी होती.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले. नकाशावर तेव्हा पाहणाऱ्याला खारजमीन, दलदल आणि मिठागरे दिसली असतील. तिथल्या बाईला त्याच चिखलात निवट्या, चिंबोऱ्या आणि संध्याकाळचे कालवण दिसत होते. १९८४ च्या जानेवारीत उरणजवळ झालेल्या आंदोलनात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि पुढे विकसित भूखंडाच्या साडेबारा टक्क्यांची योजना आली. ज्या ठाणे खाडीला कोणी मोजत नव्हते तिला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळीचा दर्जा मिळाला, तो तिच्यातल्या रोहित पक्ष्यांसह. यशयाचा ३५वा अध्याय म्हणतो की वाळवंट फुलेल. हे वाक्य ऐकले की आधी तिथे कोण राहत होते असे विचारण्याची मला सवय लागली आहे.

जमिनीची सुट्टी

लेवीय पुस्तकाचा २६वा अध्याय मात्र या सगळ्याला एक अनपेक्षित वळण देतो. शापांची यादी संपत आल्यावर तिथे म्हटले आहे की तुम्ही शत्रूंच्या देशात असाल तेव्हा जमीन आपले शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचे दिवस, भोगील; तुम्ही राहत असताना जी विश्रांती तिला मिळाली नाही ती तेव्हा मिळेल. सातव्या वर्षाची रजा मालकाने दिली नाही, म्हणून कामगाराने ती एकदम वसूल केली, असा हा प्रकार आहे. माणसाच्या बाजूने पाहिले तर उजाड, जमिनीच्या बाजूने पाहिले तर सुट्टी.

मराठीत या दोन्ही बाजूंना शब्द आहेत. 'ओसाड' आणि 'वैराण' हे माणसाचे शब्द आहेत. 'पड' हा जमिनीकडून पाहणारा शब्द आहे. ठाणे जिल्ह्यातल्या डोंगरउतारांच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी घेतल्यावर काही वर्षे ती पड टाकत असत, आणि अशा जमिनीकडे पाहून कोणी शाप आठवत नसे. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांना हे अधिक सहज समजले असेल, की बैलाला मिळते ती सुट्टी जमिनीलाही हवी.

अनाथोथचे शेत

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाचा मूळ प्रश्न होता की दोन चित्रे काढणारे दोन निराळे होते का. यिर्मयाचा ३२वा अध्याय त्याला दाखवावासा वाटतो. इ. स. पू. ५८७ च्या सुमाराची गोष्ट. बाबिलोनच्या सैन्याने जेरुसलेमला वेढा घातला आहे. देश उजाड होणार, पाखरे उडून जाणार, असे वर्षानुवर्षे सांगणारा यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो की अनाथोथ इथले माझे शेत विकत घे, सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ गाव शहरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, म्हणजे शत्रूच्या ताब्यात. त्या दिवशी त्या शेताला बाजारात काय भाव आला असता, हे ठाण्यातला कोणताही एजंट न विचारता सांगेल.

यिर्मया १७ शेकेल रुपे तराजूत तोलून देतो. खरेदीखत लिहिले जाते, साक्षीदार सह्या करतात, चौकात बसलेल्या सगळ्यांसमोर व्यवहार होतो. खताच्या दोन प्रती होतात, एक मोहोरबंद आणि एक उघडी. तो आपल्या लेखनिकाला, बारूखला, सांगतो की या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, तेव्हा ही दोन्ही खते मातीच्या भांड्यात घालून ठेव, म्हणजे ती पुष्कळ दिवस टिकतील.